बाबा, आईला द्या ना फोन

पत्र:

माझी मुलगी १८ वर्षांची आहे. या वर्षी कॉलेजसाठी ती पहिल्यांदाच घराबाहेर, दुसऱ्या शहरात हॉस्टेलवर राहायला गेली. जाताना मी तिच्या फोनवर लोकेशन शेअरिंग चालू करून दिलं. तिची हरकत नव्हती, निदान ती तसं काही बोलली नाही. दिवसातून चार-पाच वेळा मी बघायचो. कॉलेजमध्ये आहे, हॉस्टेलवर आहे, एवढं दिसलं की कामात लक्ष लागायचं.

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहानंतर तिचं लोकेशन दिसेनासं झालं. फोन लावला तर बंद. तासभर वाट पाहिली आणि हॉस्टेलच्या वॉर्डनना फोन केला. त्यांनी तिच्या मजल्यावर जाऊन दारं वाजवली, मैत्रिणींना उठवलं. ती पलीकडच्या खोलीत अभ्यास करत बसली होती, फोनची बॅटरी संपलेली. दुसऱ्या दिवशी तिने लोकेशन बंद करून टाकलं आणि मला एवढाच मेसेज केला, 'बाबा, पुन्हा असं करू नका.' तेव्हापासून माझ्याशी बोलतच नाही म्हटलं तरी चालेल. पैसे पाठवले की 'मिळाले' असं येतं. मी फोन केला तर दोन मिनिटांत 'बाबा, आईला द्या ना फोन.' आईशी मात्र रोज अर्धा अर्धा तास चालू असतं. काय बोलता विचारलं तर बायको म्हणते, काही विशेष नाही. कधी कधी मीच तिच्याकडून निरोप पाठवतो, वेळेवर झोप म्हणून, रात्री बाहेर पडू नको म्हणून.

माझं चुकलं काय? रात्री मुलगी सापडत नसेल तर बापाने झोपून जायचं का? लोकेशन पुन्हा चालू करायला सांगू का? रोज ठरलेल्या वेळी मला फोन करायचा असा नियम घातला तर? की कॉलेजला गेलेली मुलं अशीच दुरावतात, असं समजून गप्प बसू?

– एक वडील

उत्तर:

आधी थेट उत्तरं देते. लोकेशन पुन्हा चालू करायला सांगू नका. रोजच्या फोनचा नियम घालू नका. गप्पही बसू नका. आणि त्या रात्रीबद्दल तिची माफी मागा. ती कशी मागायची तेही पुढे लिहिते, कारण अर्धवट मागितलेल्या माफीने बिघडतंच जास्त.

फोन बंद, लोकेशन गायब, घड्याळात साडेअकरा. अशा वेळी पोटात गोळा येणारच. तुमची भीती खरी होती आणि तिच्याबद्दल तुम्हाला कुणी बोल लावू नये. पण आता तीच रात्र लेकीच्या बाजूने बघा. ती अभ्यास करत होती. तिने काही लपवलं नव्हतं, कुठला नियम मोडला नव्हता. आणि अचानक दारात वॉर्डन, मागे झोपेतून उठलेल्या मुली, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, हिच्या वडिलांचा फोन आलाय. नव्या जागी ओळखी अजून कच्च्या असतात. आपण इथे कोण म्हणून ओळखले जाणार हे ठरत असतं. नेमक्या त्या दिवसांत अख्ख्या मजल्यासमोर ती 'वडील पाळत ठेवतात ती' झाली. तुम्हाला तसं करायचं नव्हतं हे मला माहीत आहे, तिलाही बहुधा माहीत असेल. तिचा मेसेज पुन्हा वाचा. 'पुन्हा असं करू नका' एवढंच तिने लिहिलंय. मला फोन करू नका, माझी काळजी करू नका, असं ती म्हणालेली नाही. तिचा राग तुमच्यापेक्षा त्या पद्धतीवर आहे, आणि म्हणूनच मला हे प्रकरण हाताबाहेर गेलेलं वाटत नाही.

लोकेशनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण हा प्रश्न आता घरोघरी आहे.

लोकेशन सांगतं ते फोन कुठे आहे. बॅटरी संपली, नेटवर्क गेलं, डेटा बंद केला किंवा बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ते ॲप झोपवलं, की तेही सांगत नाही. अशा साध्या कारणांनी ते दिसेनासं होणं ही रोजची गोष्ट आहे. आणि जेव्हा ते व्यवस्थित दिसत असतं तेव्हाही ती तिथे खुशीत आहे की रडवेली, वर्गात शिकवलेलं डोक्यात शिरतंय की नाही, खोलीतल्या मुलींशी जमतंय का, यातलं काहीच नकाशावर दिसत नाही. हॉस्टेलच्या जागी ठिपका दिसला की तुमचं मन शांत व्हायचं, हे समजण्यासारखं आहे. पण मला एक शंका येते. त्या शांत झालेल्या मनामुळे तुमचे फोन कमी झाले नाहीत ना? सगळं ठीक दिसतंय, मग विचारायचं काय, असं होत गेलं नाही ना? तसं असेल तर लोकेशन बंद झाल्याने तुम्ही फारसं काही गमावलेलं नाही.

मार्गारेट केर आणि होकान स्टॅटिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमध्ये केलेलं संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं. त्याआधी सरसकट असं मानलं जायचं, की ज्या आईवडिलांना आपली मुलं कुठे जातात, काय करतात हे माहीत असतं त्यांची मुलं सहसा मार्गावर राहतात, तेव्हा मुलांवर लक्ष ठेवा. या दोघांनी एक पायरी मागे जाऊन विचारलं, आईवडिलांना हे माहीत होतं कुठून? खोदून विचारल्याने, नियम घातल्याने, की मुलं आपणहून सांगतात म्हणून? उत्तर निघालं ते तिसरं. आईवडिलांकडची माहिती मुख्यतः मुलांनी स्वतः सांगितलेली होती. आपल्यावर सतत ताबा ठेवला जातोय असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांचं बाकीचं मात्र फारसं ठीक चाललेलं नव्हतं. ही मुलं १४ वर्षांची होती, आईवडिलांच्या डोळ्यांसमोर एकाच घरात राहणारी. तिथे ही गत, तर शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या सज्ञान मुलीबाबत आईवडिलांच्या हातात तिच्या सांगण्याशिवाय दुसरं काय असणार?

तेव्हा तुमची सगळी शक्ती एकाच गोष्टीसाठी वापरा. तिला तुम्हाला काही सांगावंसं वाटलं पाहिजे.

लोकेशन कायमचं टाकून द्या असंही मी म्हणत नाही. रात्री उशिरा एकटीने प्रवास करायचा असेल तर व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांपुरतं पाठवता येतं आणि वेळ संपली की ते आपोआप बंद होतं. ते ती पाठवेल, तिला वाटेल तेव्हा आणि तेवढ्याच वेळापुरतं. पण हे आज सुचवू नका. आज ते जुन्याच मागणीचं नवं रूप वाटेल. काही महिने जाऊ द्या. कदाचित ती आपणच पाठवेल.

आता तुमच्या दोन मिनिटांकडे येऊ. आईशी अर्धा तास आणि बाबांशी दोन मिनिटं, असं का? मुली आईच्याच जवळच्या असतात, हे उत्तर मला पटत नाही. तुमचे फोन कसे होत असतील याचा थोडा अंदाज तुमच्या पत्रावरूनच येतो. अभ्यास कसा चाललाय? बरा. तब्येत? बरी. पैसे आहेत ना? आहेत. वेळेवर झोपतेस ना? हो. मग कुणालाच काही सुचत नाही, आणि त्यातून सुटायला 'आईला द्या ना फोन.' हे सगळे प्रश्न एकाच जातीचे आहेत. सगळं सुरळीत आहे ना, एवढीच खात्री ते करून घेतात. त्यांचं एकच उत्तर चालण्यासारखं असतं आणि ते तिला पाठ आहे. एखाद्या आठवड्यात अभ्यासाचा बोऱ्या वाजलेला असेल, तर ते त्या प्रश्नाच्या उत्तरात सांगायची सोय नाही, कारण त्यानंतर बाबा काय म्हणणार हेही तिला पाठ आहे.

तुमच्या पत्नी त्या अर्ध्या तासात काय करतात? माझा अंदाज असा, की त्या प्रश्न कमी विचारतात आणि स्वतःचं जास्त सांगतात. आज गुडघा दुखत होता. कपाट आवरताना तुझी चौथीतली वही सापडली. अमकीशी माझं जरा वाजलं, आता आधी कुणी बोलायचं यावर अडलंय. हे ऐकता ऐकता पलीकडून लेकही तिच्या खोलीतल्या मुलीचं काहीबाही सांगू लागते. बायको 'काही विशेष नाही' म्हणते ते तुम्ही शब्दशः खरं धरा. त्या बोलण्यात विशेष नसतंच काही. पण किरकोळ गोष्टींची देवाणघेवाण रोज चालू असली की ज्या दिवशी खरोखर काही घडतं, त्या दिवशी सुरुवात कशी करायची हा प्रश्न मुलांना पडत नाही. तुमच्याशी बोलताना तिला दर वेळी तो पडत असणार.

म्हणून विचारणं कमी करा आणि सांगायला लागा. बाबा लोकांना हे अवघड जातं, मला कल्पना आहे. आपली अडचण मुलांसमोर मांडायची नाही, मुलांपुढे आपण खंबीर दिसलं पाहिजे, असं मनावर बिंबलेलं असतं. पण ती आता लहान नाही. कामावर आज काय अडलं, कुणाचं बोलणं लागलं, कशाने हसू आलं, हे तिला सांगून बघा. तुम्ही तिच्या वयाचे असताना कुठल्या विषयाला घाबरायचात, घर सोडून पहिल्यांदा राहिलात तेव्हा पहिले काही दिवस कसे गेले, हे तिला माहीत आहे का? बहुतेक नसेल. ते सांगताना फक्त एक सांभाळा, गोष्ट शेवटी 'आम्ही एवढ्यात भागवलं, तुम्हाला सगळं मिळतंय' या वळणावर जाता कामा नये. तिथे गेली की ती गोष्ट राहत नाही, उपदेश होतो, आणि मुलांना तो पहिल्या वाक्यातच ओळखू येतो.

तिची मदतही मागा, पण खरी. जे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं असं काही ना काही असेलच. तिच्या विषयातली एखादी बातमी तुम्हाला कळली नसेल तर तिला समजावून सांगायला लावा आणि मन लावून ऐका. उगाच काहीतरी अडचण काढून फोन करू नका. ते लगेच समजतं.

विचारायचंच असेल तर मागच्या वेळचा धागा धरून विचारा. 'शुक्रवारी तुझं प्रेझेंटेशन होतं ना, तो गटातला मुलगा शेवटी आला का?' या एका प्रश्नात तिला हे कळतं, की मागच्या वेळी मी बोलले ते बाबांनी ऐकलं होतं. त्यासाठी तिच्या मैत्रिणींची नावं, विषयांची नावं, शिक्षकांची नावं लक्षात राहायला हवीत. राहत नसतील तर वहीत लिहून ठेवा. ज्या माणसाने आपल्यासाठी वही ठेवली त्याच्यावर कुठलीच मुलगी फार दिवस रागावून राहत नाही.

आणि एखादा मेसेज असाही पाठवा ज्याला उत्तर द्यायची गरज नाही. घराच्या खिडकीतून दिसलेलं काहीतरी, तिच्या टेबलावर जाऊन बसलेलं मांजर, कुठेतरी वाचलेलं एक गमतीशीर वाक्य. एक फोटो, एक ओळ, खाली प्रश्न नको. ढकललेले शुभ सकाळचे मेसेज यात धरू नका. कुठल्या तरी कॉलेजात कुठल्या तरी मुलीच्या बाबतीत काय भयंकर घडलं त्या बातम्या तर अजिबात पाठवू नका. काळजीपोटी पाठवता हे खरं, पण तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की तिच्या छातीत धस्स व्हायला लागेल, आणि मग ती तुमचे मेसेज उघडायचं टाळेल. निळ्या खुणांच्या मागेही लागू नका. मेसेज वाचला म्हणजे तिला त्या क्षणी उत्तर द्यायला फुरसत होती असं होत नाही.

किती वेळा बोलायचं, हा तुमच्या नियमामागचा खरा प्रश्न. बार्बरा होफर या अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजमधल्या मानसशास्त्रज्ञ. कॉलेजची मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यातल्या संपर्काचा त्यांनी बरीच वर्षं अभ्यास केला. फोन, मेसेज, ईमेल सगळं धरून आठवड्याला सरासरी १३ वेळा संपर्क होतो असं त्यांच्या पाहणीत आढळलं. म्हणजे तुमच्या पत्नी आणि लेक रोज बोलतात त्यात जगावेगळं काही नाही. याच अभ्यासात असंही दिसलं, की सगळ्यात जास्त संपर्कात असणारी मुलं स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यात मागे होती, आणि जे आईवडील दुरूनच मुलांचा अभ्यास आणि वागणं हाकायला बघत होते त्यांच्या मुलांना ते नातं तितकंसं सुखाचं वाटत नव्हतं. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सांगणं कठीण आहे. गोंधळलेली मुलंच घरी जास्त फोन करत असतील, असंही असू शकतं. मी त्यातून एवढंच घेते, की आकड्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. फोन कोण करतं आणि कशासाठी करतं ते बघावं. आठवड्यातून एक फोन तिने तुम्हाला आपणहून केला, तर तो तुमच्या नियमातल्या सात फोनांपेक्षा मोठा आहे.

ठरलेली वेळ असू नये असं मात्र मला वाटत नाही. वेळ ठरलेली असली की बाकीचे दिवस 'आज बाबांना फोन करायचा राहिला' हे ओझं डोक्यावर राहत नाही. पण ती वेळ तिला ठरवू द्या. 'आठवड्यातून एकदा आपण दोघंच बोलू या का, तुला कुठला दिवस बरा पडेल?' असं विचारा. तिने दिवस सांगितला आणि मग एखाद्या आठवड्यात तिला जमलं नाही, तर 'हरकत नाही, पुढच्या वेळी' इतकंच. 'का जमलं नाही' नको.

त्या वेळी आवाजावरच बोला. लेस्ली सेल्ट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात ७ ते १२ वर्षांच्या मुलींवर एक प्रयोग केला होता. मुलींना अनोळखी माणसांसमोर बोलायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावून ताण दिला. मग काही जणींना आई प्रत्यक्ष भेटली, काही जणींशी ती फोनवर बोलली. आईचा आवाज फोनवर ऐकूनही ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक जवळपास मिठी मारल्याइतकंच वाढलं आणि ताण उतरला. २०१२ साली त्यांनी याच प्रकारे आईशी लेखी मेसेजवर बोलणाऱ्या मुली तपासल्या, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. मुली लहान होत्या आणि पलीकडे आई होती, तेव्हा हे जसंच्या तसं तुम्हाला लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण 'मी बरी आहे' हे शब्द टाइप करणं सोपं असतं. तेच तोंडाने म्हणताना आवाज सगळं सांगून जातो. रोजचं किरकोळ मेसेजवर चालू दे, पण काही नाजूक असेल, दोघांपैकी कुणी दुखावलेलं असेल, तर फोन उचला.

पत्रात तुम्ही एक गोष्ट ओझरती लिहिली आहे, आणि मला ती लोकेशनइतकीच महत्त्वाची वाटते. पत्नीमार्फत निरोप पाठवणं थांबवा. आजपासून. वेळेवर झोप आणि रात्री बाहेर पडू नको, हे निरोप आईच्या तोंडून गेले तरी ते कुणाचे आहेत हे तिला कळतं. मग आईशी बोलतानाही बाबांचा हिशोब मधे येतो. तुमच्या पत्नींचीही यात कुचंबणा होते. लेकीने विश्वासाने काही सांगितलं आणि ते संध्याकाळपर्यंत तुमच्यापर्यंत पोचलं, असं दोन-तीनदा झालं की ती आईला सांगणंही थांबवेल. आज तिच्यासाठी घराकडे एक दार उघडं आहे. तुम्हाला वाईट वाटत असेल की ते तुमचं नाही. वाटू दे, पण त्याला हात लावू नका. 'ती काय म्हणाली' हे विचारणं सोडा. पत्नींना एवढंच सांगून ठेवा, तिच्या जिवाला धोका आहे किंवा तिला आपली तातडीने गरज आहे असं वाटलं तरच मला सांग, बाकी तुमच्या दोघींचं.

पैशांचंही तसंच. सध्या तुमच्या दोघांमधला एकमेव चालू धागा म्हणजे पैसे आणि 'मिळाले'. ज्या तारखेला पाठवायचे ती ठरवून टाका आणि तिला मागायला न लावता त्या दिवशी पाठवत जा. कमी पडले तर सांग, एवढं एकदाच सांगा. पैसे पाठवलेत त्याच दिवशी फोन करून अभ्यासाची चौकशी करू नका, त्याचा अर्थ वसुली असा लागतो. पैसा बाजूला झाला की मग तिचा जो फोन येईल तो फक्त तुमच्यासाठी आलेला असेल.

आता तुमचा सगळ्यात रास्त प्रश्न, रात्री मुलगी सापडत नसेल तर बापाने झोपून जायचं का? नाही. पण अशा वेळी काय करायचं हे तुम्ही दोघांनी आधी ठरवलेलं नव्हतं, आणि त्या रात्री खरी उणीव तिथे होती. तुमचा संवाद पूर्ववत झाला की हे तिच्यासोबत ठरवा. फोन किती वेळ बंद राहिला तर काळजी करायची? दिवसा आणि रात्री वेगवेगळं उत्तर असेल. त्यानंतर आधी कुणाला फोन करायचा? तिच्या एक-दोन मैत्रिणींचे नंबर तिने स्वतः, त्या मुलींना विचारून द्यावेत. ते नंबर फक्त अशाच वेळी वापरायचे, 'ती हल्ली गप्प गप्प आहे का' असं चोरून विचारायला नाही. मैत्रिणीकडूनही काही कळलं नाही तर वॉर्डन. हे सगळं ठरलेलं असलं की तुम्ही वॉर्डनना फोन केलात तरी ती पाळत राहत नाही, तिने मान्य केलेली गोष्ट होते. आणि उलट बाजूनेही ठरवा. घरी कुणी आजारी पडलं, काही बरंवाईट झालं तर तिला त्याच दिवशी सांगायचं, परीक्षा असली तरी. बहुतेक घरांत मुलांपासून अशा गोष्टी दडवल्या जातात आणि मग मुलंही घरापासून दडवायला शिकतात.

काही प्रसंगी मात्र वर लिहिलेलं सगळं विसरायचं आणि सरळ निघायचं. ती वर्गात जायची थांबली आहे, दिवसच्या दिवस झोपून आहे किंवा झोपतच नाही, सगळ्यांशी बोलणं तोडलं आहे, 'मी नसते तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं काही बोलली आहे, तर अवकाश देण्याची ती वेळ नव्हे. स्पष्ट विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. कॉलेजच्या समुपदेशकांना, डॉक्टरांना गाठा आणि स्वतः तिच्याजवळ जा. रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार, आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश लोकांमध्ये तो २४ वर्षांच्या आत सुरू झालेला असतो. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तिने तुम्हाला वाईट बातमी सांगण्याची सवय आत्तापासून लागायला हवी, म्हणून लिहिते आहे.

ती सवय लागते ती छोट्या वाईट बातम्यांवर. एखाद्या विषयात नापास झाले, फोन हरवला, कुणाशी तरी जोराचं भांडण झालं. अशी बातमी आली की तुमचं पहिलं वाक्य फार जपून ठेवा. 'तुला सांगितलं होतं ना' हे ते वाक्य कधीच असू नये. 'आता पुढे काय करायचं ठरवलंयस' हेही नको, अजून तिने काही ठरवलेलं नसतं. आधी 'बरं केलंस सांगितलंस' म्हणा. मग विचारा, 'मी फक्त ऐकू, की काही मदत हवी आहे?' ती 'फक्त ऐका' म्हणाली तर तोंडाशी आलेला तोडगा गिळून टाका. हे मला या सगळ्यातलं सर्वांत कठीण वाटतं, आणि तुम्हाला मनापासून सांगते, हे ज्या वडिलांना जमतं त्यांची मुलं आयुष्यभर त्यांना फोन करतात.

उरली माफी. ती मेसेजने मागा, कारण फोनवर तिला त्याच क्षणी काहीतरी बोलावं लागेल, आणि तुम्ही गडबडून सफाई द्यायला लागाल. मेसेज छोटा असू दे. असं काहीतरी लिहा: 'त्या रात्री मी घाबरलो होतो. पण माझ्या फोनमुळे तुला सगळ्यांसमोर ओशाळं व्हावं लागलं, ते माझं चुकलं. माफ कर. तू लोकेशन बंद केलंस ते मला मान्य आहे, मी पुन्हा मागणार नाही.' यात 'पण तूही फोन चार्ज ठेवायला हवा होतास' हे येऊ देऊ नका. 'बापाच्या काळजाला काय वाटतं ते तुला नंतर कळेल' हेही नको. शब्द तुमचे वापरा, माझे वापरलेत तर तिला ते परके वाटतील. पाठवण्याआधी पत्नींना दाखवू नका. हे तुमच्या दोघांतलं आहे.

उत्तर म्हणून बहुधा 'ओके' येईल, किंवा अंगठा. त्यावर समाधान माना. दुसऱ्या दिवशी 'माझा मेसेज वाचलास ना' असं विचारायला जाऊ नका. दोन-चार दिवस जाऊ द्या आणि मग वर लिहिलेला तो फोटो आणि एक ओळ पाठवा. पुढच्या वेळी तुम्ही फोन केलात आणि दोन मिनिटांत तिने आईला मागितलं, तर 'हो, देतो' म्हणून लगेच द्या, कुरकुर न करता. पण त्या दोन मिनिटांत तिला काही विचारू नका, तुमच्या दिवसातलं एक काहीतरी सांगा.

सुट्टीत ती घरी येईल तेव्हाची एक सूचना आत्ताच देऊन ठेवते. पहिल्या संध्याकाळी या सगळ्यावर बोलायला बसू नका. ती थकलेली असेल, झोपेल, मित्रमैत्रिणींना भेटायला जाईल, घरात कमी दिसेल. ते तुमच्याविरुद्ध नाही. परत जायच्या दोनेक दिवस आधी तिला बाहेर कुठे काम असेल तर सोबत जा. शेजारी शेजारी चालताना, गाडीत बसलेले असताना, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही तेव्हा अशी बोलणी सोपी जातात. फोन बंद राहिला तर काय करायचं, ते तेव्हा ठरवा. आधी तिला विचारा, आणि ती जे सांगेल ते त्या वहीत लिहून घ्या.